व्हिडिओतलं लाल बटण

रेलीबाईचा उजवा हात मशीनमध्ये गेला, त्या दिवशी तिचं सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण झालेलं होतं. कंपनीच्या ॲपमध्ये तिच्या नावापुढे हिरवी खूण होती आणि चाचणीत पैकीच्या पैकी मार्क होते. अपघातानंतर कंपनीने सगळ्यात आधी कुठला कागद काढला असेल, तर तो तिच्या प्रमाणपत्राचा. तिला दवाखान्यात भेटायला जाण्याच्याही आधी.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमतीही होत्या, एखाददुसरी सांगेन. पण मी शहाद्याजवळच्या एका जिनिंगमधून मिस्त्री म्हणून निवृत्त झालो आणि शेवटची काही वर्षं माझ्या खांद्यावर 'ट्रेनिंग इन्चार्ज' अशी पाटी होती. त्या पाटीबद्दल लिहायला बसलं की मला राग येतो. वय झालं, साखर वाढली, डॉक्टर चिडू नका म्हणतात. तरी येतो.

जिनिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. शेतातून येतो तो कापूस सरकीसकट असतो. सरकी म्हणजे त्याचं बी. मशीनचे दोन रोलर कापूस ओढून घेतात, रुई एकीकडे पडते आणि सरकी खाली गळते. पुढे रुईच्या गाठी बांधतात. खाली गळलेली सरकी एका लोखंडी नाळीत पडते आणि त्या नाळीत एक लांबच लांब पेच फिरत असतो, तो सरकीला ढकलत बाहेर नेतो. त्याला आम्ही स्क्रू म्हणतो. मशीन एकामागे एक रांगेने उभी असतात आणि त्यांच्या पाठीशी ओट्यावर बाया उभ्या असतात, कापूस सारखा करून मशीनला देत. शेडमध्ये आवाज एवढा की शेजारच्या बाईशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागतं. हवेत रुईचे तंतू. नाकातोंडाला फडकं बांधलेलं.

या बाया बहुतेक सातपुड्यातल्या. दिवाळी झाली की धडगाव, मोलगी, काठी या भागातून पाडेच्या पाडे खाली उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत मिलच्या आवारातल्या खोल्यांत राहतात. घरी पावरी किंवा भिली बोलतात, आमच्याशी अहिराणी. मराठी त्यांच्यासाठी मास्तरची भाषा. माझ्याही घरात हिंदी, गल्लीत अहिराणी आणि मराठी शाळेतली, त्यामुळे मला त्यांची अडचण कळायची.

पूर्वी नवी बाई आली की तिला एखाद्या जुन्या बाईशेजारी उभी करायचे. 'बघ आणि कर.' एवढंच ट्रेनिंग. ते फार चांगलं होतं, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. जुन्या बाईच्या चुका नवी बाई शिकायची. नाळीवरचं झाकण काढून हाताने सरकी उपसायची, हे त्या एकमेकींकडूनच शिकल्या होत्या. बोटं तेव्हाही जायची. म्हणून लॉकडाऊननंतर हेड ऑफिसमधून फोन आला, की आता सगळ्या मिलमध्ये ऑनलाइन प्रशिक्षण सुरू होणार, तेव्हा मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. एकदा नीट काढलेला व्हिडिओ शंभरदा दाखवता येतो, थांबवून दाखवता येतो, पावरीत करता येतो. मी मनातल्या मनात केवढं काय काय रचून ठेवलं.

मग एक टीव्ही आला, एक टॅब्लेट आला आणि व्हिडिओ आला.

व्हिडिओत एक गोरा माणूस होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात मोजे. चकचकीत फरशी, कापसाचा एक धागा कुठे दिसेल तर शपथ. मशीन आमच्या मशीनच्या जातीचंसुद्धा नव्हतं. आवाज एका बाईचा, इतक्या शुद्ध मराठीत की मलाच एकेक वाक्य मनात उलटंसुलटं करावं लागत होतं. ती म्हणाली, "आपत्कालीन प्रसंगी यंत्राच्या उजव्या बाजूस असलेली लाल कळ दाबावी." मागे बसलेली एक म्हातारी घाबरून म्हणाली, "कळ? कोनले कळ उनी?" आमच्याकडे कळ म्हणजे पोटात येते ती. बाया हसल्या, मीही हसलो. ही झाली गंमत. संपादकांना पोचली असेल.

त्या व्हिडिओत आणखी सांगितलं होतं की काम करताना हातमोजे घाला. रोलरच्या मशीनवर मोजा घालणं म्हणजे मशीनच्या तोंडात दोरी देणं. मोज्याचं टोक आधी जातं आणि मागून हात. मी हेड ऑफिसला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "कंटेंट वरून मंजूर झालाय, काका." मी म्हटलं, मग वरच्यांना इथे उभं करा मोजे घालून. तो म्हणाला, "मी नोंद घेतो." नोंद!

शेवटी चाचणी असायची. प्रश्न वाचायचे आणि उत्तरावर बोट ठेवायचं. बहुतेक बायांना वाचता येत नव्हतं. हेड ऑफिसमधून रोज विचारणा व्हायची, किती जणांचं पूर्ण झालं, बाकीच्या मिल पुढे गेल्या, तुम्हीच मागे. मग आमच्या सुपरवायझरने एका दुपारी चहा पीत पीत टॅब्लेट मांडीवर घेतला आणि अख्ख्या शिफ्टची परीक्षा एकट्याने दिली. सगळ्या पास. मी मॅनेजर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "रफिकभाई, व्हिडिओ तर सगळ्यांनी बघितलाय ना? मग झालं." त्या आठवड्यात आमच्या मिलचं नाव हेड ऑफिसच्या ग्रुपवर झळकलं. अंगठे, फुलं, टाळ्या.

रेलीबाई त्या शिफ्टमध्ये होती. काठी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची, सडपातळ, कमी बोलणारी. तिची जाऊ जमना शेजारच्या मशीनवर असायची. ती मात्र बोलकी आणि हुशार. व्हिडिओ खरोखर लक्ष देऊन कोणी बघितला असेल तर तो जमनाने. शब्द कळले नाहीत तरी चित्रं तिने डोक्यात बसवली होती.

तो दिवस गर्दीचा होता. फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली. माल थोडा ओलसर होता, त्यामुळे रेलीबाईच्या मशीनखाली सरकी तुंबली. झाकण आधीच काढलेलं. सरकी ओढायला एक काठी असते, ती मोडलेली. लाइन, म्हणजे मशीनची अख्खी रांग, बंद करायची तर शेडच्या टोकाला असलेल्या विजेच्या पॅनलच्या खोलीत जावं लागे आणि त्याआधी सुपरवायझरला विचारावं लागे, कारण एक लाइन थांबली की पुढची गाठ थांबते आणि साहेब बोलतात. रेलीबाई वाकली आणि तिने नाळीत हात घातला. पदराचं टोक गेलं की बांगडी अडकली, ते तिलाही सांगता आलं नाही.

जमनाने उडी मारली ओट्यावरून. ती ओरडत बसली नाही, घाबरून पळाली नाही. ती मशीनच्या उजव्या बाजूला गेली, गुडघ्यावर बसली आणि लाल बटण शोधू लागली.

आमच्या मशीनला लाल बटण नव्हतं. कधीच नव्हतं.

मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. मला दिसलं ते एवढंच, की एक बाई किंचाळते आहे आणि दुसरी मशीनच्या पत्र्यावर दोन्ही हात फिरवते आहे. मी पळालो. माझ्या आधी पॅनलच्या खोलीतल्या भटूला काहीतरी कळलं. भटू पाटील आमचा इलेक्ट्रिशियन, तापीकाठच्या शेतकरी घरातला. त्याने मेन स्विच पाडला. शेडमध्ये एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत रेलीबाईचा आवाज आला. तो मी लिहीत नाही.

तिला आधी शहाद्याला नेलं, मग नंदुरबारला, मग सुरतेला. मनगटाच्या वरून हात काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी जमनाला खोलीवर जाऊन विचारलं, तू तिथे काय शोधत होतीस? ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही तळव्यांना पत्र्याने कापलं होतं.

"तठेच व्हतं ना, मिस्तरी," ती म्हणाली. "टीव्हीमा तठेच दखाडं व्हतं. मी हात फिराई फिराई दखं. तठे नुसता पत्रा."

मग तिने मला विचारलं, "मन्हं काय चुकनं?"

मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. तिला ते पटलं नाही. तिला वाटत होतं, बटण होतं आणि घाईत तिला सापडलं नाही. मला तिला हाताला धरून शेडमध्ये न्यावं लागलं आणि बंद मशीनची एकेक बाजू दाखवावी लागली. ती पुन्हा पुन्हा वाकून बघत होती. माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नाही, आणि लाज मला का वाटावी याचाच मला राग येत होता. खोटं दाखवणारे दुसरेच होते.

चौकशीसाठी हेड ऑफिसचे दोघे आले. त्यांच्याबरोबर, ज्या कंपनीने व्हिडिओ केला होता तिथली तन्वी नावाची मुलगी आली होती. मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये बसून एक निवेदन तयार झालं. त्यात होतं की कामगार महिलेने संपूर्ण प्रशिक्षण घेतलेलं असूनही निष्काळजीपणा केला. खाली ट्रेनिंग इन्चार्जची सही हवी होती.

म्हणजे ते ट्रेनिंग होतं कशासाठी, ते मला त्या दिवशी समजलं. हात वाचवायला नाही. हात गेल्यावर कंपनी वाचवायला.

मी म्हटलं, "सही करतो. आधी सगळे माझ्याबरोबर शेडमध्ये चला."

"आता कशाला?" मॅनेजर म्हणाले.

"दोन मिनिटं. साहेब, तुम्हीही व्हिडिओ बघितलाय ना?"

ते आले. हेड ऑफिसवाले नाकाला रुमाल लावून. मी रेलीबाईच्या मशीनजवळ थांबलो आणि म्हटलं, "माझा हात आत अडकलाय असं समजा. बटण दाबा."

कोणी हललं नाही. तन्वी तेवढी पुढे आली. तिने मशीनच्या उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग खाली वाकून बघितलं. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "काका, आम्हाला तुमच्या मशीनचा एक फोटोसुद्धा कोणी पाठवला नव्हता. आम्ही मागितला होता. ते म्हणाले, जे तयार आहे ते लावा." तिचा राग मला आला नाही. लहान होती, आणि निदान वाकून बघितलं तिने.

मॅनेजर साहेबांनी घड्याळ बघितलं. हेड ऑफिसच्या माणसाला म्हणाले, "ठीक आहे, हा मुद्दा आहे. व्हिडिओतून तो भाग काढून टाकायला सांगू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "साहेब, मशीनला बटण बसवा ना."

"रफिकभाई, ते भांडवली खर्चात जातं. त्याला वेगळी मंजुरी लागते. व्हिडिओ उद्या बदलेल."

कोणाला लाज वाटली नाही. कोणाची मान खाली गेली नाही. सिनेमात जाते तशी कोणाची तरी मान खाली जाईल म्हणून मी त्यांना तिथे नेलं होतं, आणि ते घड्याळ बघत परत केबिनमध्ये गेले. मी सही केली नाही. त्यांनी सुपरवायझरची घेतली.

त्या रविवारी मिल बंद होती. भटू आणि मी शेडमध्ये गेलो. भंगारात लोखंडी तार होती, जुने स्विच होते. भटू म्हणाला, "साहेबले इचारानं का?" मी म्हटलं, नही. आम्ही ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बायांच्या खांद्याच्या उंचीवर तार ओढली. कुठूनही ओढा, अख्खी लाइन बंद. खरं म्हणजे ही काही नवी अक्कल नाही, चांगल्या मिलमध्ये ती असतेच. आमच्याकडे नव्हती, इतकंच. तारेला लाल चिंध्या बांधल्या.

सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी बायांना ओट्यावर उभं केलं, मशीन सुरू केली आणि सांगितलं, एकेकीने तार ओढायची.

कोणी ओढेना.

मी ओढून दाखवली. मशीन थांबली. पुन्हा सुरू केली. "आते तू." ती बाई तारेला हात लावायची आणि काढून घ्यायची. शेवटी जमना म्हणाली, "साहेब बोलतीन आमले."

त्या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. आम्ही त्यांना मशीन कशी थांबवायची ते शिकवत होतो. त्यांना शिकायचं होतं ते वेगळंच, की मशीन थांबवायची परवानगी आहे. ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं, आणि ते मी एकट्याने शिकवू शकत नव्हतो, कारण परवानगी माझ्या हातात नव्हती. तरी मी म्हटलं, "मी सांगस ना. ओढ. बोलतीन तर मले बोलतीन." जमनाने डोळे मिटून ओढली. मग दुसरीने. मग तर त्या हसायला लागल्या. त्या कळवाल्या म्हातारीने दोनदा ओढली.

साहेब बोलले. मला, केबिनमध्ये, दार लावून. तार काढायला मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण अपघातानंतर तार काढायला लावली, हे चारचौघांना कळलं असतं.

त्यानंतर दर सोमवारी आम्ही तार ओढायचो. कामाआधी थोडा वेळ, एका वेळी एकच गोष्ट. एका सोमवारी पदर खोचणं, एका सोमवारी काठीने सरकी ओढणं. मी करून दाखवायचो, त्या करायच्या, मग जुनी बाई नवीला सांगायची आणि नवीने ते आपल्या भाषेत मला परत सांगायचं. सांगता आलं नाही तर माझं शिकवणं फुकट. भटूने आपल्या मोबाइलवर जमनाचा व्हिडिओ काढला. आमचंच मशीन, आमचाच धुरळा, आणि जमना पावरीत ओरडून सांगतेय की तार कधी ओढायची. तो बायांनी नवऱ्यांच्या मोबाइलवर घेतला, गावी नेला. पुढच्या हंगामात पहिल्यांदाच खाली उतरलेल्या पोरी येताना तार कुठे असते ते माहीत करून आल्या. ऑनलाइन शिक्षणाला मी नावं ठेवत नाही, ते यासाठी.

हेड ऑफिसला तो व्हिडिओ कळला. त्यांना फार आवडला. त्यांनी सुरुवातीला संगीत घातलं, कंपनीचं चिन्ह घातलं आणि सगळ्या मिलना पाठवला. मला अभिनंदनाचा फोन आला. मी विचारलं, "त्या सगळ्या मिलमध्ये तार आहे का?"

पलीकडचा मुलगा म्हणाला, "मी नोंद घेतो, काका."

फोन मी भिंतीवर फेकून मारला. नवा घ्यावा लागला, बायको अजून बोलते.

निवृत्तीच्या आधीच्या होळीनंतर मी रेलीबाईच्या पाड्यावर गेलो. मोलगीपर्यंत जीप, पुढे चालत. ती चुलीजवळ बसली होती. मुलगी भाकरी थापत होती आणि ही डाव्या हाताने जाळ पुढे सारत होती. मी तिला म्हटलं, हंगाम सुरू होताना एक दिवस खाली ये, नव्या बायांना तुझ्या तोंडाने सांग. गाडी पाठवतो.

तिने जाळाकडे बघत विचारलं, "बायासले काय सांगू? त्यासनी काय चूक करी?"

तिने एक लाकूड चुलीत आत सारलं.

"साहेबसले बसाडा मन्हासमोर," ती म्हणाली. "त्यासले सांगसू."

मधल्या काळात जुने मॅनेजर बदलून गेले होते. नव्यांना मी विचारलं आणि ते चटकन हो म्हणाले. चांगला फोटो होईल असं त्यांना वाटलं असावं. दिवाळीनंतर, माझ्या नोकरीच्या अगदी शेवटी, ती आली. मीटिंगच्या खोलीत हेड ऑफिसचेही काही जण आले होते. रेलीबाई खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. जमना तिच्या शेजारी. नीट सांगता यावं म्हणून ती पावरीत बोलायची, जमना अहिराणीत सांगायची आणि मी मराठीत. फार बोलली नाही ती. काठी मोडली होती, ते मी सुपरवायझरला दोन दिवस सांगत होते. पॅनल लांब होतं. थांबवलं तर बोलायचे. एवढंच. रडली नाही. मग म्हणाली, तुमचे मिस्त्री आम्हाला शिकवून झाल्यावर परत सांगायला लावतात. आता तुम्ही सांगा. मी काय सांगितलं?

मी ते मराठीत केलं आणि थांबलो.

खुर्च्या हलल्या. कोणी पाण्याची बाटली उघडली. मग हेड ऑफिसचे सगळ्यात मोठे साहेब उठले, हात जोडले आणि इंग्रजीत बोलू लागले. धैर्य, प्रेरणा, सुरक्षा सर्वप्रथम, आपण सगळे एक कुटुंब. बराच वेळ बोलले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर रेलीबाई माझ्याकडे वळली.

"काय बोलना तो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबसुद्धा, हसत.

"काही नही, बाई," मी म्हटलं. "काहीच नही बोलना."